सात नंबरचा गुडघा

"प्राचीताई, लवकर या. मला कामावरून काढताहेत!"

निंबानानांचा फोन आला तेव्हा प्राची पिंप्राळ्यात घरी कणीक मळत होती. परात तशीच टाकून तिनं स्कूटर काढली.

जळगावच्या औषधशास्त्र कॉलेजात ती सशांचे एक्स-रे काढायची. नाना बावीस वर्षं ससे सांभाळत होते. ऑपरेशन करून सशाच्या गुडघ्यात मुद्दाम झीज घडवायची, मग राजदीप सरांनी बनवलेलं तेल चोळायचं आणि झीज भरते का ते फोटोत बघायचं, असा सध्याचा प्रयोग.

"सात नंबरचा ससा बरा झालाय," प्राची पोचताच सर म्हणाले. "तरी लंगडतो. पिंजरा धुताना नानांनी पाडला. उद्या तपासणीला माणसं येताहेत, त्याआधी नाना घरी गेलेले बरे."

"नाना, पाडलात?"

"आठवत नाही ताई. सर म्हणतात तर पडला असंल. वय झालं आता."

प्राचीनं सात नंबरची फाइल काढली. तिनं दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर लावले. जानेवारीतला तिनं काढलेला, हाडांच्या कडा काटेरी. मेमधला, ती लग्नाला अमळनेरला गेली तेव्हाचा, अगदी गुळगुळीत. पण त्यात गुडघ्याखाली नडगीच्या हाडावर एक बारीक काळी रेघ आडवी होती. जानेवारीत ती नव्हती.

"मोनाली, हा तू काढलास ना?"

"हो ताई," संशोधन करणारी मोनाली म्हणाली. "ससा सरांनीच आणला, गुंगी देऊन."

"कानावरचा नंबर?"

"कान फडक्यात गुंडाळले होते. गार लागेल म्हणाले."

"मे महिन्यात? जळगावात?"



"नाना, नंबर कशानं घालता?"

"केळीच्या चिकानं. शाई पुसते, चिकाचा डाग जाता जात नाही."

"सगळ्यांना घातलेत?"

"एप्रिलात बाहेरून सहा मोठी पिल्लं आणली, ती राहिलीत."

प्राचीनं सात नंबरचा गुडघा तिथल्या तिथे पुन्हा फोटोत घेतला. काटे तसेच, उलट वाढलेले. हाड कुठेच मोडलेलं नव्हतं.

"सर, ही रेघ वाढत्या हाडाची. वाढ संपली की ती बुजते. जानेवारीत सात नंबरची बुजलेली होती, मेमध्ये उघडी कशी? चार महिन्यांत ससा म्हातारा होईल, पिल्लू कसा होईल? तुम्ही पिल्लाचा गुडघा दाखवलात. कानावर डाग नव्हता, म्हणून फडकं. तेलानं काही झालंच नाही. लंगडणारा ससा फोटो खोटा पाडणार, म्हणून नानांच्या माथी मारलंत!"

राजदीप सर खुर्चीत बसले. "तीन वर्षं घातली मी यात," ते पुटपुटले.

"आणि नानांची बावीस?" तिनं हात पुढे केला. नानांना काढल्याचं पत्र त्यांनी मुकाट्यानं दिलं. मोनाली प्राचार्यांना बोलवायला गेली.

नानांनी पत्राकडे पाहिलंही नाही. त्यांनी सात नंबरला मांडीवर घेतलं होतं.

"ताई, मना हातमाईन पडना नही ना मग हाऊ?"

"नाही, नाना. तुमच्या हातून तो पडला नाही."

सशाच्या कानावरच्या काळ्या डागावरून अंगठा फिरवत नाना रडायला लागले.