कोरी तलफ

भाजलेल्या तंबाखूची मिशरी दातांना लावणारी बाई आता कासारटेकात औषधालाही सापडत नव्हती. गावातल्या झाडून सगळ्या मिशरीवाल्या बायकांच्या मनगटावर डॉ. मृणाल खानोलकरांचं 'शमनकडं' होतं. तलफ म्हणजे मेंदूतल्या मूठभर पेशींची ओरड. मनगटातल्या नसेतून बारीक लहरी पाठवून हे कडं त्यांना गप्प करी. तलफ उठली की कड्यावर लाल ठिपका दिसे, शमली की हिरवा.

शेवंताबाई मोरेच्या हिरड्यांची आग थांबली होती, ठेचा-भाकरी गोड लागत होती. तरी एका सकाळी ती दवाखान्यात येऊन हटून बसली.

"डॉक्टरीणबाई, तलफ परत द्या. तंबाखू नगं, नुसती तलफ."

"अहो, ती घालवायला माझी दहा वर्षं गेली!"

"दुपारी मिशरीला म्हणून आमी चौघी परसात बसायचो. हसायचं, रडायचं, समदं तितंच. तलफंनं हात थरथरायला लागले की कुणी उठवत न्हवतं. आता हिरवा ठिपका बघून सासू म्हणती, 'बरी झालीस न्हवं? ऊठ, शेंगा फोड.' वरीस झालं, बूड टेकलं न्हाई. छातीत कोंडल्यागत हुतंय."

"मग सांगा ना घरी, दमले म्हणून."

शेवंताबाईला डॉक्टरांची कीवच आली. "दमल्याचा ठिपका कुटं हाय ह्यात?"

डॉक्टरांनी तिच्या मनगटावरचं कडं फिरवून पाहिलं. ज्या लहरी पेशींना निजवतात, त्याच उलट क्रमानं सोडल्या की त्यांना जागं करतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चौघींची कडी दुपारी अर्धा तास उलट्या क्रमानं चालतील अशी लावून दिली. "घाम फुटेल, जीव कासावीस होईल," त्यांनी बजावलं.

"हू दे की!"

महिन्याभरानं डॉक्टर परसात डोकावल्या. लाल ठिपके, थरथरणारे हात, घामेजलेले चेहरे, आणि चौघींची हसून हसून मुरकुंडी वळलेली. सासूबाई स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "बसा गं पोरींनो, लई तरास हुतोय." डॉक्टरांना मनापासून बरं वाटलं. इतकं समाधान त्यांना कडं शोधलं तेव्हाही झालं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात शेवंताबाई पेढे घेऊन आली. सोबत आलेल्या लेकीचं, प्राजक्ताचं, लग्न ठरलं होतं.

"हिलाबी कडं घाला."

"हिनं तर तंबाखूला कधी बोटसुद्धा लावलं नाही!"

"म्हणूनच की. सासरी हिला बसू कोण देनार?"

प्राजक्तानं हसत मनगट पुढं केलं. "डॉक्टर, आईपेक्षा जरा जोराची तलफ द्या," ती म्हणाली, "म्हणजे तासभर तरी बसता येईल."