एकतीस मतं

क्रिसांतो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचे नुसते पाय दिसले. बाकीचा सगळा होडीच्या पोटाखाली उताणा पडून डांबर फासत होता. मी त्या पायांनाच म्हटलं, "दादा, दारावर आमच्या बाईंचं पोस्टर लावू का?"

"कोणत्या बाई?" पाय म्हणाले.

"राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या आहेत त्या! आहात कुठं?"

तो सरपटत बाहेर आला. गालाला डांबर, डोळ्यांत हसू. "लावा की. पण घट्ट लावा, इथं वारा फार."

घट्टच लावलं होतं मी. तरी आठवड्यानं पाहते तर खालचा कोपरा सुटलेला. पुन्हा चिकटवला. पुढच्या आठवड्यात... पुन्हा तेच!

"वारा," तो अगदी साळसूदपणे म्हणायचा.

"वाऱ्याला बरा हाच कोपरा सापडतो?"

"वाऱ्याला तुम्ही आवडता – मी काय करणार?"

असे अडीच महिने गेले. मी रागवायची, तो लिंबाचं सरबत पुढं करायचा, आणि घरी जाताना मी वेड्यासारखी एकटीच हसायची. माझ्या यादीत त्याच्या नावापुढं मी खात्रीची खूण केली होती. प्रचार संपला त्या दिवशी तो चाचरत म्हणाला, "निवडणूक झाली की... तुमच्या घरी येईन म्हणतो. बाबांना भेटायला." आमच्याकडे मुलगा असा घरी येतो तो कशासाठी, हे सांगावं लागत नाही.

आणि बाई हरल्या. सपशेल हरल्या. आमच्या वाडीच्या मतांचा कागद शाळेच्या दारावर लावला होता – दोनशे चौदांपैकी एकतीस. बाबांनी तीस वर्षं त्याच शाळेत मुलांना शिकवलं. "खरं बोलणारं माणूस चालत नाही गं या देशाला," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तीन दिवस धड जेवले नाहीत. मीही रडरड रडले.

चौथ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन निघाले. ज्या दारात मत मागितलं, तिथं आभार मानायला जायलाच हवं. हरलो म्हणून काय झालं?

पहिल्याच घरातल्या पासिंग आजीनं मला पोटाशी धरलं. "पोरी, मी तर तुमच्या बाईंनाच दिलं हो!" शेजारच्या घरात तेच. त्यापुढच्या काकांनी तर देव्हाऱ्यातल्या बाळ येशूची शपथ घेतली. सगळ्यांनी आम्हालाच मत दिलं होतं! दुसरी गल्ली संपायच्या आत माझी एकतीस मतं भरली, आणि तीन गल्ल्या अजून बाकी होत्या. प्रत्येक घरी केळीच्या पानातला गोड भात हातावर ठेवत होते, गाल कुरवाळत होते. मी हसून आभार मानत होते. हरल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं या गोड बोलण्याचं वाटलं.

शेवटचं घर क्रिसांतोचं. तो जाळं विणत बसला होता. मला पाहून झटकन उठला.

"आभार मानायला आले. मत दिलंत म्हणून."

त्यानं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "रोवेना... मी नाही दिलं."

"थट्टा नको हं आज."

"थट्टा नाही. मागच्या वादळात माझा भाऊ या इथं, किनाऱ्यापाशी येऊन बुडाला. तो दुसरा उमेदवार म्हणाला, बंधारा बांधतो. तुमच्या बाई म्हणाल्या, आधी पाहणी करू, आत्ता शब्द देत नाही. मला... मला शब्द हवा होता हो."

"आणि अडीच महिने ते पोस्टर?"

"ते तुमच्यासाठी होतं. कोपरा मीच सोडवायचो."

माझं डोकंच फिरलं. "मग आज तरी खोटं बोलायचंत! अख्खी वाडी बोलली, तुम्हालाच काय धाड भरली?"

"तुमच्या घरी यायचंय मला," तो खाली बघत म्हणाला. "खोटं बोलून कसा येऊ?"

मी फाटक आपटलं आणि तरातरा निघाले. डोळ्यांतून धारा. चार पावलं... दहा पावलं... आणि पाय थांबले. खरं बोलणाऱ्याला लोक झिडकारतात म्हणून आम्ही बापलेक चार दिवस रडत होतो. सबंध वाडीत आज एक माणूस माझ्याशी खरं बोलला, आणि मी काय केलं? त्याच्या तोंडावर फाटक आपटलं.

मागं फिरले. तो तसाच उभा होता.

"मी तुला माफ केलेलं नाही," मी म्हटलं. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

"बरं."

"मत चुकलंच तुझं. बंधारा-बिंधारा काही होत नाही, बघशील."

"नाही झाला, तर तुझ्यासोबत मोर्च्यात येईन."

"रविवारी प्रार्थना झाली की घरी ये. आणि बाबांना हे सगळं सांग. मला सांगितलंस तस्सं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळं? अगं, चप्पल फेकून मारतील ते!"

"मारतील. दोन्ही मारतील." मी त्याचा डांबरानं काळवंडलेला हात हातात घेतला. "तू पळू नकोस. दोन्ही उचल, त्यांच्या पायाशी नेऊन ठेव, आणि पुन्हा खरंच सांग. चार दिवस झाले रे... आमच्या घरी कुणीतरी खरं बोलायला यायला हवंय."