बंद लाइनची दुसरी वाट

तंत्रज्ञाचं डोकं ज्या लोखंडी पेटीने फोडलं होतं, ती त्याच्याच छातीवर पडली होती. कोपऱ्याला केस चिकटलेले. ताईसोबत आलेल्या निवृत्त हवालदाराने नाकाला रुमाल लावला.

“तोंड नंतर फिरवा, हवालदार,” ताई म्हणाली. ती खाजगी गुप्तहेर. वॉचमनची बायको तिला डोंगरावरच्या या इंटरनेट केंद्रात अक्षरशः ओढत घेऊन आली होती. “मालक, ही पेटी कसली?”

“कन्सोलची,” केंद्राचा मालक म्हणाला. “राउटर अडला की दुरून त्यात शिरायला लागते. जुनी रॅकमध्ये आहे. ही नवी, स्वतःच्या सिमकार्डवर चालणारी. कोणती ठेवायची ते आज याच्या चाचणीवरून ठरणार होतं.”

राउटरची मुख्य लाइन उपटलेली होती. तिच्या टोकावर रबरी टोपी, टोपीवर रक्ताचे शिंतोडे.

“खुन्यानेच उपटली,” हवालदार म्हणाला.

“आणि टोपी घालत बसला?”

दारात दोन शिपायांनी वॉचमनला बेड्या घालून धरलं होतं. ओठ फाटलेला, हात रक्ताने माखलेले.

“मी त्याला उचलायला गेलो हो! इमारतीच्या मागे होतो. धडपड ऐकली, मग यंत्राचे पंखे बंद पडले आणि घोंघावत परत सुरू झाले. आलो तर दार सताड उघडं!”

शिपायाने पोटात गुडघा घालून त्याला खाली पाडलं. बायको किंचाळली.

“पंखे माझ्यामुळे,” नुकताच जीपमधून उतरलेला, जुनी पेटी बसवणारा इंजिनिअर म्हणाला. “लाइन पडल्याचं घरी कळलं. जुन्या पेटीतून शिरून राउटर रीस्टार्ट केला. लाइन गेली तरी माझी पेटी चालते, वर्षभर सांगतोय मालकांना. नवं खेळणं हवंय कशाला?”

“झकास,” ताई म्हणाली. “लाइन अजून उपटलेलीच आहे. मोबाइलवरून लॅपटॉप जोडा आणि जुन्या पेटीतून आत्ता शिरून दाखवा.”

इंजिनिअरने टाइप केलं. पुन्हा केलं. पडदा कोराच.

“नाही ना होत? तिची वाट याच लाइनवरून जाते. तंत्रज्ञाला तेच दाखवायचं होतं. लाइन त्याने स्वतः काढली, धूळ बसू नये म्हणून टोक झाकलं. रक्त उडालं ते त्यानंतर. म्हणजे घाव बसण्याआधीच जुनी पेटी मुकी झाली होती, आणि नवी तर घाव घालायलाच उपटली. मग राउटर रीस्टार्ट करणारा याच खोलीत उभा होता. राउटरमधली चाचणीची नोंद पुसत.”

“मग हा बोलला कशाला?” हवालदाराने विचारलं. “गप्प बसायचं की!”

“पंख्यांचा आवाज वॉचमनने ऐकला होता. शिवाय वर्षभर मालकांना मारलेली थाप यालाच खरी वाटायला लागली असावी.”

लॅपटॉप ताईच्या कानशिलावर आदळला. दुसरा घाव हवालदाराने हवेतच पकडला आणि मनगट पिरगळलं. हाड कडकन मोडलं. इंजिनिअर गुडघ्यांवर कोसळला.

शिपायाने वॉचमनच्या बेड्या काढल्या. “जा. सुटलास.”

वॉचमनला उठता येईना. बायकोने त्याच्या तोंडावरचं रक्त पदराने पुसलं आणि वर पाहिलं.

“मारायला दोघं होतात ना, साहेब? मग उचलायलाही दोघं या.”