न उतरलेली दुपार

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी स्वतः तिथं होते, एवढंच सांगते.

साल २००६. मे महिना. आष्टीहून परतूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचा आखाडा आहे, म्हणजे शेतातलंच घर. आणि अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हती. टळटळीत दुपार होती.

लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझे मिस्टर, मच्छिंद्र, पुण्यात कॉम्प्युटरवरचे गेम बनवायच्या कंपनीत होते. सुट्टीला आले ते कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर घेऊनच. नव्या बायकोशी बोलायला वेळ नाही, पण अख्खी पृथ्वी बनवायला वेळ होता!

हो, पृथ्वीच. गोल, निळी. आभाळातून खाली खाली यायचं... आणि थेट आमच्या शेतात उतरायचं. विहीर, कडुलिंब, मोटारीची खोली, घर... सगळं त्यांनी मापं घेऊन बसवलं होतं. माणूस मात्र एकही नाही. तारीख आणि वेळ टाकली की सूर्य बरोबर आपल्या जागी. हवेतून ऊन कसं पसरतं, सकाळी आभाळ निळं का, सांजेला तांबडं का, त्याचं गणितही आत.

फक्त दुपार जमत नव्हती. मे महिन्यात आमच्याकडं धुळीनं आभाळ पांढरं पडतं. तो रंग काही पडद्यावर येईना. मग त्यांनी सूर्य बारावरच थांबवून ठेवला. बाहेर जायचं, आभाळ बघायचं, आत येऊन रंग बदलायचा. तीन दिवस हेच चाललं.

जेवताना माझ्या सासूबाई, गिरिजाबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), कुरकुरत होत्या.

"बाराच्या वक्ताला विहिरीवर थांबू नका, हे तुझ्या बापाला सांगून थकले. ती येळ आपली न्हाई. दुपार उतरली की ते जातं निघून."

"माझ्याकडं तर तीन दिवस झाले बाराच वाजून राह्यले, माय!"

मी फिस्सकन हसले.

आत्याबाई हसल्या नाहीत. घास हातातच राहिला.

"मंग ते जाईल कुठं?"

दुसऱ्या दिवशी लोडशेडिंगमुळे मोटारीची लाईन अकराला आली. मोसंबी वाळत होती. माझे सासरे, भुजंगमामा, बायकोचं ऐकतात कशाला? गेले विहिरीवर. घरात बसूनही मोटारीचा आवाज ऐकू येत होता.

"उषा, इकडं ये जल्दी."

यांचा आवाज वेगळाच होता.

त्या दिवसांत आमच्याकडं मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते. पडद्यावरही तसंच होतं. लिंबाची सावली लिंबाखाली. खांबाला तर सावलीच नाही.

पण विहिरीजवळ...

एक सावली पडली होती. लांबलचक. माणसाची.

माणूस नव्हता.

"चूक असंल काहीतरी," हे पुटपुटले. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. सावली होतीच. पण आता विहिरीजवळ नव्हती.

मोटारीच्या खोलीच्या दाराशी होती.

आणि तेव्हाच... बाहेरचा मोटारीचा आवाज थांबला.

आम्ही अनवाणी पळालो. पाय भाजले, ते नंतर कळलं. मामा हौदाच्या काठावर बसले होते. जिवंत. घामानं निथळत. माझा जीव भांड्यात पडला.

"पाणी दे गं. आज ऊन उतरंनाच."

परतूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, घाबरू नका. संध्याकाळी परत आलो तेव्हा सूर्य कलला होता. अंगणात आमच्या सावल्या पार गोठ्यापर्यंत गेल्या होत्या.

आत्याबाई एकदम थांबल्या. मामांच्या पायाकडं बघत राहिल्या.

मामांची सावली...

पायाखाली होती. गोळा होऊन. भर दुपारसारखी.

मग आत्याबाई लेकाकडं वळल्या.

"मच्छिंद्रा, तुझा तो सूर्य बुडव."

हे आत गेले. मी दारात उभी होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं. पडद्यावर सूर्य खाली सरकला. आभाळ केशरी झालं, तांबडं झालं. इतकं सुंदर झालं होतं, की मला अजून त्याची शिसारी येते. मग अंधार.

"दिवा लावा!" मामा अंगणात ओरडले. "काहीच दिसंना!"

बाहेर अजून लख्ख उजेड होता.

मी त्यांचा हात धरला. बर्फ. ओठ निळे पडत होते. श्वास...

"परत आणा!" मी किंचाळले. "अहो, दुपार परत आणा!"

यांनी बारा वाजवले. मामांनी श्वास घेतला.

आज तीन वर्षं झाली. मामा आहेत. रात्रीसुद्धा कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून ओट्यावर बसतात. झोप नाही. अंगाला घाम. यांनी पुण्याची नोकरी सोडली. त्या दिवसापासून कॉम्प्युटर एकदाही बंद केलेला नाही. लाईन गेली की आम्ही आधी इन्व्हर्टरकडं धावतो. बॅटरीवर बॅटरी जोडत असतो.

पडद्यावरची ती सावली आता घराच्या ओट्यावर असते. बसलेली. खरे मामा बसतात, त्या जागेच्या अगदी शेजारी.

काल हे नवी बॅटरी आणायला जालन्याला गेले होते. मी मामांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी थोडं पाणी पिऊन तांब्या बाजूला सरकवला... रिकाम्या जागेकडं.

"त्याला बी पिऊ दे. त्यो बी उन्हातच हाय."

माझ्या अंगावर काटा आला. मामांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात चटका बसेल इतका गरम होता.

"लई थकलो गं पोरी. आमची सांज होऊ दे."

मी आत गेले. माऊसवर हात ठेवला... आणि काढून घेतला.

बाहेर मामा अजून सांजेची वाट बघतायत.