हौदातली एकच रेघ

"ई! हात नको लावू, ललित! पाणी तार धरून राहिलं!"

पायलने रुमाल नाकाला दाबला. बडनेऱ्याजवळच्या मळ्यात ललितच्या बाबांचा, म्हणजे तिच्या केशवमामाचा हौद. बाजाराची पालक-कोथिंबीर यातच धुतात. आज वर तेलकट साय, कडेला पांढरी पोटं वर करून पडलेले बेडूक. जिभेवर बसेल असा उग्र वास!

अकोल्याहून सुट्टीला येताना तिने गीतांजलीमावशीने पाठवलेल्या पट्ट्या आणल्या होत्या. युद्धातले विषारी वायू ओळखायला मावशी अमरावतीच्या प्रयोगशाळेत त्या बनवते. पट्टीवरची प्रतिपिंडं विषाला नेमकं पकडतात. फवारणीची काही औषधं त्याच वायूंच्या घराण्यातली, म्हणून पट्ट्यांची चाचणी त्यांच्यावर.

चिमट्याने पट्टी बुडवली.

थांब.

थांब!

|

"एक रेघ! पाणी चोख हाय," जुड्या टेम्पोत फेकत मामा हसला. "कोरोनात सारं गाव शिकलं. दोन आल्या का घाबराचं!"

"मामा, या पट्टीचं उलटं असते! विष असलं का दुसरी रेघ उमटतच नाही!"

"मले शिकवतं? बाजार थांबते का तुह्यासाठी?"

टेम्पो घुरघुरला; इंजिन तापेपर्यंत मामा त्यातच बसून राहिला. आज ही पालक कुणाकुणाच्या ताटात जाणार!

"ललित, पळ! माठातलं पाणी आण!"

| |

"आता फवारणीचा पंप!"

|

पायल बोंबललीच, "मामी, बाहेर या!"

इंदूमामी पिठाच्या हातांनी धावत आली.

"मामा म्हणते, एक रेघ म्हणजे चोख. पंपातलं पाणीबी चोख निघालं. याचाच चहा ठेवू का मामाले?"

ललित पातेलं घेऊन हजर!

मामाचं तोंड उतरलं. "नको नको! अवं... पंप मी हौदातच धुतो."

"कवापासून?" मामीने विचारलं.

"...दर फवारणीले."

मामीने टेम्पोची किल्ली उपटली. "उतरा खाली! सारा माल खड्ड्यात!"

संध्याकाळी मावशी आली. सगळ्यांना दवाखान्यात दाखवून आणलं, हौदावर पत्रे टाकून कुलूप घातलं. "शाबास पोरांनो! माझ्या पट्टीपेक्षा तुम्ही तिखट!"

"पोरीनं गावाची पोटं वाचवली," मामी म्हणाली.

पायलचं लक्षच नव्हतं. ती नळाखाली जीभ घासत होती. सकाळच्या पोह्यांवर मामाने मूठभर कोथिंबीर घातली होती.

तिने दोनदा मागून घेतली होती.