शेवटच्या लाटेशेजारी

समुद्र माझ्या नणंदेने शिवून घेतला होता. निळ्या नायलॉनचे तागे एकमेकांना जोडून केलेलं, रंगमंच भरून उरेल एवढं कापड. बॅले होता हरवलेलं जहाज शोधायला निघालेल्या दोन भावंडांचा. चाचे, देवमासा, दीपगृह, सगळं होतं. तिच्या छोट्या नृत्यसंस्थेचं हे पहिलंच मोठं काम, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना तिने जुंपलं होतं. माझी सात वर्षांची ठमी लाट झाली होती.

लाटा झालेली मुलं कापडाखाली हात धरून एका ओळीत उकिडवी बसत. आत अंधार, संगीतही दबकं. म्हणून डाव्या विंगेतून इशारा मिळाला की पहिलं मूल शेजारच्याचा हात दाबून उठे, मग ते शेजारचं त्याच्या पुढच्याचा. दाब ओळीतून सरकत जाई आणि वर लाट धावे. ठमी शेवटची. तिच्या उजव्या हाताला कोणी नव्हतं.

रंगीत तालीम जवळ आली तशी लाट उजवीकडून परतही येऊ लागली. नणंद खूश झाली. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लाट काठावर आपटून मागे फिरते, हे मला ठाऊक आहे. पण तिथे काठ नव्हता.

घरी जाताना मी ठमीला विचारलं, परतीची लाट कोण सुरू करतं.

"बाजूचं," ती म्हणाली.

"तुझ्या बाजूला कोणी नाही ना?"

"कापड टाकल्यावर येतं."

मुलांना खेळगडी सुचतात. मी विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी तालमीनंतर तिच्या उजव्या हाताची बोटं सुरकुतलेली दिसली, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी. डावा हात नेहमीसारखा. कापडाचा तिच्याकडचा कोपरा ओला होता. तो मी एका बाटलीत पिळला आणि प्रयोगशाळेत नेला. घाम एवढा खारट नसतो. ते समुद्राचं पाणी होतं, आणि समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या प्रवासावर आहे.

नणंदेला सांगितलं तेव्हा ती पिनांची डबी शोधत होती. हसली. "वहिनी, तुमचा समुद्र बाटलीत मावतो. माझा उद्या दुपारी भरल्या थिएटरसमोर उसळायचाय. आता ऐन वेळी मुलगी काढू नका."

त्या संध्याकाळी ठमीच्या मनगटावर लाल वळ होता. ते हात सोडतच नाही, ती जेवता जेवता म्हणाली. आज तिनेच ओढून सोडवला. उद्या मात्र सोडायचा नाही असं ठरलंय.

"कोणी ठरवलं?"

"आम्ही."

तिला नाचू देणार नाही म्हटल्यावर तिने घर डोक्यावर घेतलं. शेवटी बघायला तरी नेते, असं कबूल करावं लागलं. प्रयोगाआधी तिला तिच्या बाबांबरोबर पहिल्या रांगेत बसवलं आणि नणंदेला सांगितलं, तिच्या जागी मी बसते. गुडघ्यांची हमी आपण घेत नाही, एवढंच ती बोलली.

कापड अंगावर उतरलं. धूळ, नव्या नायलॉनचा वास, डावीकडे कुणा मुलीचा चिकट, गरम हात. उजवा पंजा मी मुद्दाम उघडा धरला.

दाब आला. मी उठले, बसले.

उजवीकडे काही नव्हतं.

पुन्हा लाट. पुन्हा काही नाही. हात लावून पाहिलं, फळ्या कोरड्या होत्या.

जहाज दीपगृहाला लागलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मला माझंच हसू आलं.

मी खाली प्रेक्षागृहात आले. लोक निघाले होते; मोकळ्या होणाऱ्या खुर्च्यांच्या बैठका स्प्रिंगने खटाखट वर मिटत होत्या. ठमीचे बाबा उभे राहून अजून टाळ्या वाजवत होते. ठमी बसूनच होती. उजवा हात पलीकडच्या खुर्चीच्या दांड्यावर, मूठ आवळलेली.

"लाट परत का नाही आणलीस?" तिने विचारलं. "आम्ही इथून किती दाबत होतो."

मी तिला उचललं. उजवा हात ताणला गेला, पण दांड्यावरून हलला नाही.

सगळी रांग मिटली होती. ठमीच्या पलीकडची रिकामी खुर्ची तेवढी उघडी होती, बैठक खाली दबलेली.