परत पाठवलेला निळा डबा

"परत घेऊन जा! आम्हाला नकोय हे पार्सल!"

शब्द तोंडून निघून गेले आणि विजयश्री स्वतःच दचकली... कुरिअरवाला दारात घुटमळला. "ताई, जर्मनीहून आलंय. कस्टमचे पैसे भरले की झालं." ते पैसे भावजयीने, तनुजाने, सकाळीच पाकिटात घालून तिच्या हाती दिले होते. "ह्यांच्या आगगाडीचा तो निळा डबा आहे ताई, वाढदिवसासाठी! बोलू नका हं!" असं हसत सांगून ती ऑफिसला गेली होती. ते पाकीट मुठीत चुरगळत विजयश्रीने नकाराची सही केली, दार लावलं, आणि त्याच दाराला पाठ टेकून ती कितीतरी वेळ उभी राहिली. अंतःकरणात मत्सराचा नुसता डोंब उसळला होता!

आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि निरंजन अकराचा. लातूरकडचं गाव सोडून दोघं कुरुळीत एका खोलीत आली. चाकणच्या कंपनीत लाइनवर आठ-आठ तास उभं राहून तिने त्याला इंजिनिअर केलं. आलेली स्थळं एकेक करून परतवली. त्या पोराला वेड एकच... छोट्या आगगाड्यांचं! खेळण्यातल्या नव्हेत, खऱ्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती असलेल्या, वीतभर लांब डब्यांच्या. दर दिवाळीला ताईच्या ओव्हरटाइममधून एखादा डबा नाहीतर मालगाडीची एखादी वाघीण घरात यायची, आणि भाऊ-बहीण फरशीवर पालथी पडून ती रुळांवर धावताना पाहायची. त्या घटकेपुरती सारी दैन्यावस्था विसरून जायची!

पण किमती चढत गेल्या. हजार-बाराशेचा डबा चार हजारांचा झाला, मग नऊ हजारांचा; युरो महागला, कस्टम वाढलं. एका दिवाळीला तिने पैसे पुढे केले, तेव्हा निरंजनने ते हळूच मागे सारले. "राहू दे ताई. एवढ्या पैशांत आता काही येत नाही."

ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. मग तनुजा आली... लठ्ठ पगाराची, गोड बोलणारी! पुनावळ्याचा फ्लॅट झाला, काचेचं कपाट आलं, आणि जे डबे विजयश्रीला वर्षभर राबूनही परवडत नव्हते ते तनुजा मोबाइलवर बसल्या जागी मागवू लागली. निरंजनच्या डोळ्यांतली ती चमक आता ताईकडे वळेना. आणि ह्या पार्सलातला निळा भोजनडबा? त्याच्या लाडक्या गाडीतला हा एकच राहिला होता, आठ वर्षं शोधत होता तो! तोही हिनेच द्यायचा?

संध्याकाळी तिने पाकीट तनुजाच्या हातात ठेवलं. "कोणी आलंच नाही गं."

तनुजाने तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि पाकीट पर्समध्ये ठेवून दिलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी, वाढदिवस होता. तनुजाच्या मोबाइलवर आलेला दुकानदाराचा निरोप निरंजनने वाचला. पार्सल परत गेलं होतं, डबा दुसऱ्याला विकला गेला होता, आणि आता कुठे मिळालाच तर दीडपट किमतीला!

"तुला साधा पत्ता नीट टाकता येत नाही?" तो कडाडला. "आठ वर्षं, तनुजा! आठ वर्षं मी..."

"चुकलं माझं," तनुजा खाली मान घालून म्हणाली. "फ्लॅटचा नंबर चुकला."

स्वयंपाकघरात विजयश्रीला क्षणभर आसुरी आनंद झाला. मग ओट्याजवळ येऊन तनुजा पाठमोरी उभी राहिली, आणि तिचे हुंदक्यांनी हलणारे खांदे पाहून त्या आनंदाची विजयश्रीला शिसारी आली.

"तनुजा... तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी मेसेज आला होता ताई. घरच्यांनी नाकारलं म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्यावर चिडले तर ते दोन दिवसांनी बोलतील. तुमच्यावरून त्यांचं मन उडालं तर... ते कशाने भरून येणार? त्यांना आई म्हणून तुम्हीच आहात ना?"

विजयश्री तशीच बाहेर गेली. "निरंजन, पार्सल मी परत पाठवलं. माझ्या हाताने सही करून. जळले रे मी तुमच्यावर!"

निरंजनने हातातला मोबाइल खाली ठेवला. म्हणाला, "डब्याचं राहू दे गं... पण का?"

"माझे पैसे तू घेईनासा झालास! माझ्या कष्टांची तुला किंमत उरली नाही..."

"किंमत नाही?" तो पुढे आला. "तुझे पाय सुजायचे ताई! त्या सुजलेल्या पायांवर मी गाड्या घ्यायचो. मोठा झालो तेव्हा स्वतःची लाज वाटली. ते बोलता आलं नाही, म्हणून किमतीचं निमित्त केलं!"

तिला हुंदका आवरेना. लहानपणी तो जसा तिच्या कुशीत शिरायचा तशी आज तीच त्याच्या खांद्यावर कोसळली.

दोन वाजता कंपनीची बस यायची होती, रविवारचा ओव्हरटाइम होता. निरंजन "नको जाऊस" म्हणाला, पण ती उठली. तेव्हा तिची पिशवी उचलून तोही खाली आला. दोघं स्टॉपवर पोचली. बस आली. पायरीवर चढता चढता विजयश्री मागे वळली.

"निरंजन, लवकर वर जा आधी. तनुजाची माफी माग, आणि समोर बसवून तिला जेवायला घाल... सकाळपासून पोरगी उपाशी आहे माझी!"